यीस्टच्या लॅबमधली संशयी माणसं

परवा सालेकशाला एका लग्नात टिकेश भेटला. ताटं हातात घेऊन आम्ही रांगेत उभे राहिलो आणि ‘तुला तो किस्सा आठवतो का’ सुरू झालं. मागचे लोक पुढं गेले, जेवले, हात धुऊन परत आले, तरी आम्ही भाजीपर्यंत पोचलो नव्हतो! शेवटी त्याची बायको म्हणाली, "तुम्ही दोघं एका लॅबमध्ये होता की एका जेलमध्ये? एवढे किस्से?"

आता हे किस्से आम्ही काही जमवायला गेलो नव्हतो. आमच्या लॅबमध्ये चार माणसं होती आणि चारही जण संशयी. अशा ठिकाणी किस्से आपोआप साचतात. आम्ही लिहून फक्त रीडिंग ठेवायचो, आणि त्यांच्यावरही कोणाचा विश्वास नव्हता!

लॅब म्हणजे गोंदियातल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीतली लांबट खोली. मॅडम आमच्या गाइड. टिकेश आणि मी पीएच.डी. करणारे. टिकेश आमगावकडच्या पवार शेतकऱ्याचा मुलगा, आता तिकडंच ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. मी गोंदियाचीच, घरी अर्धी हिंदी अर्धी मराठी. आणि चौथ्या दुर्पताबाई, लॅब अटेंडंट. आठवी पास, अक्षर मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं.

आम्ही यीस्टवर काम करायचो. तेच, पाव फुगवायला लागतं ते. यीस्टची एक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण तिच्या आतही खोल्या असतात. प्रोटीन एका खोलीत बनतं, इवल्याशा पिशवीत भरलं जातं आणि बरोब्बर दुसऱ्या खोलीत पोचतं. आमचं प्रोटीन जायचं व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्यात मोठ्या गोल खोलीत. आम्ही त्याला हिरवा चमकणारा तुकडा जोडायचो आणि ते पोचतं की मध्येच अडकतं, हे मायक्रोस्कोपमधून बघत बसायचो. प्रश्न एकच होता. कुठं जायचं, हे त्या प्रोटीनला सांगतं कोण?

मॅडम कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या घरातल्या. पुढं इटियाडोह धरणाचा कालवा आला, पण त्यांच्या लहानपणी गावातल्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं ते पाणकर ठरवायचा. यीस्टमध्येही असा एक पाणकर आहे, असं मॅडमचं म्हणणं होतं. एक ठरावीक प्रोटीन होतं त्यांच्या मनात. स्वतःच्या पीएच.डी.च्या दिवसांपासून त्या त्याच्या मागं होत्या. त्याचं खरं नाव तीन अक्षरं आणि दोन आकडे असं काहीतरी होतं. आम्ही पाणकरच म्हणायचो.

आणखी एक सांगून ठेवते. मॅडम खुश असल्या की आम्हाला ‘तू’ म्हणायच्या. संशय आला की ‘तुम्ही’! पहिली दोन वर्षं मी ‘तुम्ही’च होते.

*

माझ्या मुलाखतीत मॅडमनी सर्टिफिकेटं उघडलीच नाहीत. मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. "बघा आणि सांगा काय दिसतंय."

मी डोळा लावला. मधोमध एक छान गोल, काळी जाड कडा, आत स्वच्छ उजेड. मला हायसं वाटलं. एवढं तर बी.एस्सी.ला केलेलं!

"यीस्टची पेशी आहे मॅडम. ही बाहेरची जाड कडा म्हणजे सेल वॉल. आत मोठा व्हॅक्युओल आहे."

"आणखी?"

"बाजूला न्यूक्लियस आहे. थोडा पुसट आहे, पण आहे."

"बरं. पेशीची तब्येत कशी वाटते?"

"चांगली आहे मॅडम. एकदम हेल्दी!"

मॅडमनी मान डोलावली. "बारीक निरीक्षण आहे तुमचं."

"थँक यू मॅडम!"

"हा हवेचा बुडबुडा आहे. या स्लाइडवर मी यीस्ट टाकलेलंच नाही."

माझे कान गरम झाले. पर्स उचलून मी दाराकडे निघाले, तर मागून आवाज आला, "सोमवारी साडेदहाला या."

पुढं बरीच वर्षं मला वाटायचं की मॅडमना माझ्यात काहीतरी वेगळं दिसलं असणार. एकदा धीर करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी तिघं आले होते. त्यांना त्यात मायटोकॉन्ड्रियासुद्धा दिसले."

*

त्याच पावसाळ्यात आमच्या प्लेटांवर बुरशी यायला लागली. यीस्ट वाढवायचं ते बाजूलाच, हिरवी-काळी बुरशी पसरलेली. महिनाभराचं काम कचऱ्यात.

इन्क्युबेटर एकच, वापरणारे दोघं. मी माझ्या प्लेटा नीट हाताळते हे मला माहीत होतं. म्हणजे उरला कोण? टिकेश! हा माझ्या मागं इन्क्युबेटर उघडतो, प्लेटांची झाकणं काढून बघतो, अशी माझी खात्री झाली. विचारलं तर नाहीच म्हणणार. म्हणून मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. संध्याकाळी निघताना माझा एक केस इन्क्युबेटरच्या दाराला आडवा चिकटवला.

सकाळी आले तर केस खाली पडलेला. दुसऱ्या दिवशीही. दहा दिवस हेच चाललं. अकराव्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले. "मॅडम, माझ्या मागं कोणीतरी इन्क्युबेटर उघडतं. माझ्याकडे पुरावा आहे."

टिकेश ताडकन उठला. "मॅडम, माझ्याकडे बी आहे!"

त्यानं दाराच्या फटीत कागदाची चिंधी खोचून ठेवली होती. रोज संध्याकाळी मी गेले की हा दार उघडून चिंधी लावायचा, तेव्हा माझा केस पडायचा. रोज सकाळी केस पडलेला पाहून मी दार उघडून प्लेटा तपासायचे, तेव्हा त्याची चिंधी पडायची.

दुर्पताबाई फरशी पुसत होत्या. त्या पुसता पुसताच म्हणाल्या, "दहा दिवसापासून पाहून राहिली मी. हे येते, उघडते, पायते, लावते. मंग तो येते, उघडते, पायते, लावते. बुरशी काय, हत्ती घुसला असता आत!"

"अहो बाई, मग सांगायचं नाही का आम्हाला?" मॅडम म्हणाल्या.

"मले वाटलं पीएचडी असीच करतेत."

*

पहाडातल्या एका गावातल्या लॅबनं आम्हाला एक खास यीस्ट पोस्टानं पाठवलं. त्याचा एक जीन असा बिघडलेला होता की थंड ठेवलं तर प्रोटीन नीट पोचायचं आणि गरम झालं की वाटेतच अडकायचं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रूम टेम्परेचरला छान चालतं.’

टिकेशनं काम सुरू केलं. पाहतो तर प्रत्येक पेशीत प्रोटीन अडकलेलं! त्यानं परत केलं. परत तेच. मग त्याचा संशय पाठवणाऱ्यांवर गेला.

"माल खराब दिला त्यायनं," तो मला म्हणाला. "आपण गोंदियाचे ना! आपल्याला कोण चांगली चीज देते?"

त्यानं तिखट ईमेल पाठवला. तिकडून नरम उत्तर आलं, की आमच्याकडे तर नीट चाललंय, तरी दुसरी नळी पाठवतो. दुसरी आली. तीही तशीच. टिकेशचा आता पक्का समज झाला की हे लोक मुद्दाम करत आहेत. आपल्या आधी पेपर छापायचा असेल त्यांना!

मॅडमनी त्याची वही मागवली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. पंखा फुल स्पीडवर होता, पानं धरून ठेवावी लागत होती. मे महिना होता. भिंतीवरचा थर्मामीटर बेचाळीस दाखवत होता.

प्रत्येक पानावर टिकेशच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘तापमान: रूम टेम्परेचर.’

मॅडमनी लाल पेन काढला आणि खाली लिहिलं, ‘कोणाची रूम?’

*

टिकेशच्या बाबुजींना मुलाचाच संशय होता.

पाच वर्षं झाली, पोरगा गोंदियात राहतो, शिकतो म्हणतो, आणि काय शिकतो म्हणून विचारलं तर म्हणतो यीस्ट! एक दिवस बाबुजी न सांगता लॅबमध्ये आले. धोतर, खांद्यावर गमछा, हातात घरच्या तांदळाची थैली. थैली टेबलावर ठेवून त्यांनी आधी चारी कोपरे पाहून घेतले.

"ते खमीर दुकानात भेटते ना?"

"हो बाबुजी," टिकेश म्हणाला.

"मंग पाच वर्स कायले पाहून राहिला?"

टिकेशनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मायक्रोस्कोप नीट लावून दिला. त्या दिवशी स्लाइड सुरेख जमली होती. काळ्याभोर अंधारात हिरवे गोल चमकत होते, प्रत्येक पेशीत एक. मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार. माझी आई पहिल्यांदा पाहताना रडली होती!

बाबुजी बराच वेळ डोळा लावून बसले. मग मान वर केली.

"हा टीव्ही होय?"

"नाही बाबुजी. त्या काचेवर आहेत त्या पेशी. खऱ्या."

"काचेवर आहे म्हणतोस?"

"हो."

"मंग हलव ती काच."

टिकेशनं स्लाइड जराशी सरकवली. बाबुजींनी परत डोळा लावला. सगळे हिरवे गोल बाजूला पळाले. "आता दुसरीकडं हलव." टिकेशनं हलवली. "आता काढून घे पुरी." त्यानं काढली. मायक्रोस्कोपमध्ये नुसता काळोख राहिला.

"हां," बाबुजी उठत म्हणाले. "आता मानतो."

मॅडम केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी बाबुजींना नमस्कार केला आणि टिकेशकडे वळल्या. "स्लाइड काढून बघायची हे पाच वर्षांत तुम्हाला सुचलं नाही. उद्यापासून यांच्या पद्धतीनं करा."

टिकेश परत ‘तुम्ही’ झाला होता. बाबुजी मात्र खुश होऊन गेले. गावात त्यांनी सांगितलं म्हणे, "पोराच्या मॅडमनं माही पद्धत घेतली!"

*

एकदा मॅडमच्या मनात आलं की पावाचं यीस्ट पाळीव झालं, जंगलातलं यीस्ट प्रोटीन तसंच पोचवतं का ते पाहू. जंगली यीस्ट मोहफुलांवर सापडतं. म्हणून मार्चमध्ये आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूला गेलो. नळ्या, चिमटे, हातमोजे. एक एक फूल चिमट्यानं उचलायचं, नळीतल्या पाण्यात बुडवायचं, हलवायचं आणि फूल परत झाडाखाली ठेवून द्यायचं.

मागं मोटरसायकल थांबली. खाकी कपडे, हातात काठी, जंगलाचा गार्ड.

"काय चालू आहे?"

"यीस्ट गोळा करतोय," मॅडम म्हणाल्या.

"मोहफुलं वेचताना दिसून राहिल्या मले."

"फुलं नकोत आम्हाला. बघा, सगळी परत ठेवलीत. फुलावरचं यीस्ट पाहिजे."

गार्डनं एक नळी घेतली, उन्हात धरली, हलवून पाहिली. "याच्यात तं काहीच नाही."

"आहे. दिसत नाही."

"दिसत नाही, मंग तुमाले कसं माहीत का आहे?"

झालं! मॅडमना असा माणूस भेटल्यावर काय पाहिजे? त्या दगडावर बसल्या आणि त्याला यीस्ट म्हणजे काय, पेशी म्हणजे काय, आतल्या खोल्या, पिशव्या, प्रोटीन, सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास. गार्ड काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. मध्ये दोनदा ‘अच्छा’ म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

ऐकून झाल्यावर तो टिकेशला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सच्ची बता. इतना समझा के बोलने वाला आदमी कुछ तो छुपाता है ना?"

मग त्यानं खिशातली डायरी काढली, आमची नावं लिहिली, नळ्या एक एक मोजल्या आणि नोंद करून मॅडमना सही करायला दिली. मी खांद्यावरून वाचलं.

‘काचेच्या नळ्या तीस. आत: पाणी, व मॅडमच्या म्हणण्यानुसार काहीतरी.’

मॅडमनी सही केली. डायरी परत देताना म्हणाल्या, "इतकी खरी नोंद आमच्या वहीत एकही नाही."

*

हा किस्सा हसत सांगण्यासारखा नाही, तरी सांगते.

पाणकरावरचा आमचा पेपर तयार झाला. मॅडम, टिकेश आणि मी, तिघांची नावं. एका मोठ्या जर्नलला पाठवला. चार महिन्यांनी पत्र आलं: ‘तिसऱ्या आणि पाचव्या चित्रातला फोटो एकच असून फक्त फिरवलेला दिसतो. खुलासा करावा.’

मॅडमनी दोन्ही चित्रं प्रिंट करून टेबलावर ठेवली. एक उभं, एक आडवं. एकदा कोणी दाखवल्यावर दिसायला वेळ लागला नाही. एकच फोटो! म्हणजे कोणीतरी एका प्रयोगाचा फोटो दुसऱ्या प्रयोगाचा म्हणून लावला होता. विज्ञानात याला फसवणूकच म्हणतात.

मॅडमनी दोन्ही कागद पालथे ठेवले. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही दोघं आपापल्या सगळ्या फाइली माझ्या टेबलावर आणून द्या."

ते तीन दिवस मी विसरणार नाही. टिकेशनं माझ्यासोबत डबा खाणं बंद केलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानं माझ्याकडे. मला आठवत होतं की त्याला किती घाई होती, घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं, पेपर झाला की थीसिस, थीसिस झाला की नोकरी. एकदा तो चहाला गेला तेव्हा मी त्याचं टेबल उघडून पाहिलं. लाज वाटली, तरी पाहिलं. मागं वळले तर दुर्पताबाई उभ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काल तो तुमचं पाहून राहिला होता."

चौथ्या दिवशी मॅडमनी दोघांना बोलावलं. डोळे लाल झाले होते त्यांचे.

"तुमच्या दोघांच्या फाइली पाहिल्या. दोन्ही फोटो वेगळे आहेत. बरोबर आहेत. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर शोधलं. चित्र जुळवताना मी एक फोटो फिरवून पाहत होते, तोच तिथं राहून गेला. चूक माझी आहे."

टिकेशनं एवढा मोठा श्वास सोडला! "मग बरोबर फोटो टाकून पाठवू या ना मॅडम. त्यांना तेच पाहिजे."

"नाही. पेपर परत घ्यायचा. मी तसं लिहिलंय त्यांना. एक चूक माझ्या डोळ्यांतून सुटली, आणखी किती सुटल्या असतील? सगळं परत करायचं. पहिल्यापासून."

परत करायचं म्हणजे एक वर्ष. टिकेश उठून बाहेर गेला. मी मागून गेले. गेटसमोरच्या टपरीवर तो चहाचा ग्लास धरून उभा होता, पीत नव्हता.

"वैशाली, एक सांगू? मला वाटलं तूच केलं."

"मला पण वाटलं तूच."

त्यानं एक घोट घेतला. "मग आपण दोघांनी एवढा संशय घेतला, तर मॅडमवर कायले नाही घेतला?"

*

त्यानंतर मॅडम स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागल्या. त्या म्हणायच्या, "मला पाणकर पाहिजे आहे म्हणून मला तो दिसतो. मला माहीतच नको, की कोणत्या नळीत काय आहे."

म्हणून त्यांनी असं ठरवलं. दोन प्रकारचं यीस्ट घ्यायचं. एकात पाणकर आहे, दुसऱ्यातून तो काढून टाकलाय. मॅडमचं म्हणणं खरं असेल, तर पाणकर आहे तिथं प्रोटीन व्हॅक्युओलमध्ये पोचणार आणि पाणकर नाही तिथं अडकणार. दोन्हीच्या वीस-वीस नळ्या. दुर्पताबाईंनी त्या आपल्या मर्जीनं मिसळायच्या, एक ते चाळीस नंबर टाकायचे, कोणत्या नंबरात काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची.

"कोणी मागितली तरी द्यायची नाही बाई," मॅडमनी बजावलं. "मी मागितली तरी नाही."

"नाही देत," बाई म्हणाल्या. चिठ्ठी घडी करून त्यांनी बटव्यात टाकली.

दोन आठवडे मी आणि मॅडम मायक्रोस्कोपला बसलो. नंबर बघायचा, पेशी मोजायच्या, भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचं: पोचलं किंवा अडकलं. पहिल्या आठवड्यानंतर मॅडमच्या चालण्यातच फरक पडला. कारण तक्त्यावर जवळजवळ निम्मे ‘पोचलं’ होते आणि निम्मे ‘अडकलं’! "वीस-वीस होणार बघ," त्या मला म्हणाल्या. दिवसातून दहा वेळा ‘तू’. घरून अनारसे आणले. टिकेशला म्हणाल्या, "बाबुजींना सांग, यंदा लग्नाची तारीख धरायला हरकत नाही." टिकेशच्या थीसिसची तीन प्रकरणं पाणकरावर होती. मॅडमची सगळी उमेदही त्या पाणकरावरच होती, आणि रिटायरमेंट दोन वर्षांवर आलेली.

शेवटची नळी मोजून झाली. दुर्पताबाईंनी चिठ्ठी काढली. त्या वाचणार, टिकेश तक्त्यावर खूण करणार.

"एक नंबर. पानकर आहे."

तक्त्यावर एक नंबरासमोर लिहिलं होतं: अडकलं.

"एखादा असतो तसा," मॅडम म्हणाल्या. "पुढं."

"दोन नंबर. पानकर नाही."

पोचलं.

दहाव्या नंबरापर्यंत आम्हाला कळून चुकलं. तरी बाईंनी चाळीसही वाचले. टिकेशनं चाळीसही खुणा केल्या. पाणकर असलेल्या निम्म्या नळ्यांत प्रोटीन अडकलं होतं. पाणकर नसलेल्या निम्म्या नळ्यांत ते व्यवस्थित पोचलं होतं. काही नळ्यांत अडकत होतं हे खरं, पण त्याचा पाणकराशी काहीएक संबंध नव्हता. त्याच्या असण्या-नसण्यानं काही फरकच पडत नव्हता.

मॅडमनी चष्मा काढून हातात धरला.

"बाई, चिठ्ठी बरोबर लिहिली होती ना?"

"हो मॅडम."

"कोणाला दाखवली?"

"नाही."

"तुम्ही..." मॅडम थांबल्या. "तुम्ही बदलली तर नाही?"

मी आणि टिकेश खाली बघायला लागलो. मॅडमनी आमच्यावर, मायक्रोस्कोपवर, थर्मामीटरवर, सगळ्यांवर संशय घेतला होता. दुर्पताबाईंवर कधी घेतला नव्हता.

बाईंना राग आला नाही. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"बदलली नाही. पन बदलाचा इचार आला होता."

"कधी?"

"मंगरवारी. तुमी लय खुश होत्या. मले वाटलं, पाहू तं खरं. भिंतीवरचे नंबर लिवून नेले, घरी चिठ्ठीसंगं ताडून पाहिले. जुळून नव्हते राहिले. मंग मनात आलं, इकडचे नंबर तिकडं केले तं कोनाले समजते? तुमचं बी होऊन जाईल, टिकेशभाऊचं बी होऊन जाईल. नवी चिठ्ठी लिवली बी मी."

"लिहिली?"

"लिवली. तवापर्यंत जेवढे मोजले होते तेवढे सारे जुळवून. मंग चुलीत टाकली."

टिकेश "बाई" म्हणाला आणि त्यानं हातातला पेन टेबलावर ठेवला.

मॅडमनी एकदा त्या तक्त्याकडे बघितलं. मग चष्मा लावला, उठल्या, ओल्या फडक्यानं तक्ता पुसून काढला. पॅडचा एक कोरा कागद फाडला आणि दुर्पताबाईंसमोर धरला.

"परत करायचं. चाळीस नळ्या, नवे नंबर. चिठ्ठी तुमच्याचकडे."

दुर्पताबाईंनी दोन्ही हात मागं घेतले.

"नको मॅडम. आता मले माह्यावरच संशय येऊन राहिला!"